"पाच ठिकाणी नुसतं 'ग्राफिक' ऐकू आलं": न दिसणाऱ्या वाचकापर्यंत आकृती पोचवायची कशी?

निळी शाई (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

विज्ञानाच्या लेखांसाठी आकृत्या काढणं हे माझं काम. आलेख, छेदचित्रं, यंत्रांची रेखाटनं, सगळं काढतो. गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं. ते जन्मापासून अंध आहेत. उष्णतेवरचा लेख आवडला, पण वाचताना पाच ठिकाणी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं 'ग्राफिक' म्हणाला आणि पुढे सरकला, असं त्यांनी लिहिलं होतं. एका जागी त्याने फाइलचं नाव वाचून दाखवलं. "त्या पाच ठिकाणी काय होतं ते सांगाल का?" एवढंच विचारलं होतं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

अकरा वर्षं हे काम करतोय. 'सोबतची आकृती पाहा' हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं असेल. ज्याला पाहता येत नाही त्याच्या वाट्याला तिथे काय येतं, हे कधी मनातच आलं नाही.

मग पहिल्या आकृतीचं वर्णन लिहायला बसलो आणि अडकलो. आकृती साधी आहे: उणे २० अंशांच्या बर्फाला एकसारखी उष्णता देत गेलं तर तापमान कसं बदलतं, त्याचा आलेख. पहिला प्रयत्न, "बर्फ ते वाफ, आलेख". यातून काहीच कळत नाही. दुसरा प्रयत्न असा:

"पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन काळे अक्ष आहेत. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. डावीकडे खालून एक जाड निळी रेषा सुरू होते, ती तिरपी वर जाते, मग आडवी होते, मग पुन्हा तिरपी वर जाते, तिचा रंग हळूहळू लाल होतो, मग पुन्हा आडवी होते..."

असे दीडशे शब्द झाले. परत वाचलं तर मलाच चित्र दिसेना. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगावं.

गणितमित्र (सोमवार, रात्री १०.१५)

मी वर्गात एक युक्ती वापरतो. तीच आकृती फोनवरून मित्राला समजावायची आहे असं धरा. 'पांढरी पार्श्वभूमी' तुम्ही फोनवर सांगाल का? नाही. पहिल्याच वाक्यात म्हणाल, "तापमान चढता चढता मध्येच दोनदा थांबतं." तेच लिहा. आकृती काढलीत ती ह्याच एका गोष्टीसाठी.

सहा टिंबं (मंगळवार, सकाळी ७.०५)

निळी शाई दादा, मी जन्मापासून अंध आहे आणि भौतिकशास्त्र शिकते, त्यामुळे हा आलेख माझ्या रोजच्या ओळखीचा. गणितमित्र सरांशी सहमत. मला वाचायला आवडेल असं वर्णन देते:

"आलेख: एकसारखी उष्णता दिल्यावर बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ होताना तापमान. तापमान चढताना दोन वेळा थांबतं: ० अंशांवर सगळा बर्फ वितळेपर्यंत आणि १०० अंशांवर सगळं पाणी उकळून संपेपर्यंत."

हा झाला आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राला जोडलेलं आणि स्क्रीन रीडरला वाचता येणारं छोटं वर्णन. यापेक्षा लांब नको, कारण स्क्रीन रीडर तो एका दमात वाचतो. मध्ये थांबून एकेका शब्दावर मागेपुढे करणं तिथे बऱ्याचदा सोपं नसतं. जास्तीचं सांगायचं असेल तर आकृतीखाली साध्या परिच्छेदात लिहा आणि आकड्यांचा तक्ता द्या. तक्त्यात मी रकान्यारकान्याने फिरते, हवं तिथे थांबते. 'हे एक चित्र आहे' असं लिहू नका, 'ग्राफिक' हा शब्द मी आधीच ऐकलेला असतो. 'आलेख', 'नकाशा', 'छेदचित्र' असा प्रकार मात्र जरूर सांगा. रंगाला अर्थ असेल तरच रंग सांगा. तुमचा निळा-लाल बदल तापमान दाखवतो, आणि तापमान तर अक्षावर आहेच. नुसत्या सजावटीच्या चित्राचा आल्ट टेक्स्ट मुद्दाम रिकामा ठेवा. तो अजिबात दिलाच नाही तर मग फाइलचं नाव ऐकावं लागतं.

एक गोष्ट मराठीत लिहिणारे हमखास विसरतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण हवी. ती नसेल तर कित्येकदा स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच देवनागरी वाचायला जातो आणि सुंदर लिहिलेलं वर्णनही फुकट जातं. एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे, पण कुठला मजकूर मराठी हे त्याला कुणीतरी सांगायला लागतं.

आता मनातलं सांगते. एवढं सगळं करूनही मला आकृतीबद्दल तुमचं मत मिळतं, आकृती मिळत नाही. शाळेत एक बाई फार प्रेमाने म्हणायच्या, "आकृतीचा प्रश्न तू सोडून दे, त्याचे गुण दुसरीकडे धरू." गुण मिळाले. पण 'पॅराबोला' हा शब्द मी पाच वर्षं नुसता तोंडपाठ म्हणत होते. सतराव्या वर्षी कुणीतरी उठावाच्या कागदावर तो माझ्या बोटांखाली दिला. तळाशी बोट जवळजवळ आडवं सरकतं आणि मग दोन्ही बाजूंना चढ वाढतच जातो, हे त्या दिवशी कळलं. समीकरणातला वर्ग म्हणजे काय, ते तेव्हा हाताला लागलं. त्या दिवशी आनंद झाला, आणि पाच वर्षं गेल्याचं वाईटही वाटलं.

समासरेषा (मंगळवार, सकाळी ८.३०)

सहा टिंबं, प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या सगळ्या जुन्या लेखांतले आल्ट टेक्स्ट आजपासून तपासायला घेतेय.

उठावरेषा (मंगळवार, दुपारी १.२०)

मी उठावाची चित्रं तयार करते, म्हणजे डोळ्यांसाठीच्या आकृतीची बोटांसाठी दुसरी आकृती काढते. 'दुसरी' म्हणते, कारण मूळ आकृतीच्या रेषा तशाच्या तशा वर उचलल्या की हाताला नुसता गुंता लागतो.

निळी शाई, तुम्हाला सगळ्यात सोपा पडेल तो फुगणारा कागद. त्यावर सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. काळ्या शाईत आकृती छापायची किंवा काळ्या पेनाने काढायची आणि कागद खास तापवणाऱ्या यंत्रातून सरकवायचा. काळा भाग उष्णता जास्त शोषतो, तिथल्या कुप्या फुगतात, रेषा वर येते. मिनिटभराचं काम. दुसरी पद्धत थर्मोफॉर्मची: दोरा, पुठ्ठा, कापड चिकटवून मूळ साचा करायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून निर्वाताने ओढून घ्यायचा. वेळ जास्त लागतो, पण वेगवेगळ्या उंची आणि पोत मिळतात. मानवी हृदयाची आकृती मी अजूनही त्याच पद्धतीने करते. तिसरी पद्धत एम्बॉसरची, यंत्र कागदावर टिंबं उमटवतं. जॉन गार्डनर हे ऑरेगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९८८ साली त्यांची दृष्टी गेली. स्वतःचेच आलेख वाचता येईनात, तेव्हा त्यांनी टायगर नावाचा एम्बॉसर विकसित केला. तो इंचाला २० टिंबं आणि तीही कमीजास्त उंचीची उमटवतो. गरज त्यांची स्वतःची होती, आणि यंत्र वापरताना ते जाणवतं.

अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी सांगते.

दोन रेषांत निदान ३ मिलिमीटर जागा सोडा. बोटाच्या टोकाला साधारण २ मिलिमीटरच्या आत आलेले दोन बिंदू एकच वाटतात. ब्रेलची टिंबं एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात ती त्याचमुळे. ब्रेल लहान करता येत नाही. फाइल अर्ध्या आकारात छापली तर अक्षरं छोटी होत नाहीत, ती वाचताच येत नाहीत. 'तापमान (अंश सेल्सिअस)' हे ब्रेलमध्ये लिहायला घ्या, निम्मा कागद तिथेच संपेल. म्हणून आकृतीत एकदोन अक्षरांची खूण आणि वेगळ्या कागदावर खुणांची सूची.

सगळ्यात ठसठशीत असावी ती माहितीची रेषा. अक्ष तिच्याहून हलके, मागची जाळी त्याहून हलकी. जाळी नसली तरी चालत असेल तर काढूनच टाका. डोळा जाळीकडे दुर्लक्ष करू शकतो, बोटाला ते जमत नाही, ते प्रत्येक रेषेला अडखळतं. रेषा छेदतात तिथे एकीला किंचित खंड द्या, नाहीतर चौकात पोचलेलं बोट भलत्याच रस्त्याला लागतं. काळे भरीव भाग टाळा, कागद तिथे बेसुमार फुगतो.

आणि कृपा करून डोळे मिटून स्वतः तपासू नका! मी सुरुवातीला दोन वर्षं हेच करत होते. आकृती मीच काढलेली, त्यामुळे माझ्या बोटांना सगळं 'दिसायचं'. पहिल्यांदा एका अंध विद्यार्थ्याच्या हातात कागद दिला, तेव्हा पंधरा मिनिटांनी त्याने नम्रपणे विचारलं, "यात आकृती कुठली आणि चौकट कुठली?"

तुमच्या आलेखाची व्हेक्टर फाइल (जिच्यात चित्र ठिपक्यांऐवजी रेषांच्या स्वरूपात साठवलेलं असतं ती) पाठवा. मी फुगणाऱ्या कागदासाठी बदलून देते.

प्रश्नचिन्ह (मंगळवार, संध्याकाळी ६.४५)

एवढे कष्ट अजून किती दिवस घ्यावे लागतील असं वाटतं. आता एआयला चित्र दिलं की ते क्षणात वर्णन करतं. फेसबुकने २०१६ साली आपोआप वर्णन सुरू केलं, तेव्हा 'चित्रात कदाचित दोन माणसे, हसरे चेहरे, घराबाहेर' अशी शब्दांची यादी यायची. आज परिच्छेदच्या परिच्छेद मिळतो. पुढे आकृतीकाराला काही करावंच लागणार नाही, असं होणार नाही का?

कानोसा (मंगळवार, रात्री ९.१०)

प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चाळिशीत माझी दृष्टी गेली. कामच आकड्यांचं, त्यामुळे आलेखांशिवाय माझा दिवस जात नाही.

मी एआय रोज वापरतो. पाकिटावर काय लिहिलंय, फोटोत कोण कुठे उभं आहे, पडद्यावर कुठली खिडकी अडकून बसली आहे, हे विचारायला ते फारच उपयोगी आहे. बी माय आइज हे अ‍ॅप २०१५ साली आलं, तेव्हा फोनचा कॅमेरा धरून एखाद्या डोळस स्वयंसेवकाला विचारावं लागायचं. २०२३ मध्ये त्यात एआय आलं. आता रात्री दोन वाजता मोजे एकाच रंगाचे आहेत का हे विचारायला कुणाची झोप मोडावी लागत नाही. ही स्वतंत्रता छोटी नव्हे.

पण आलेखाचं वेगळं आहे. एकदा स्तंभालेख दाखवून एआयला आकडे विचारले. सहा स्तंभांचे सहा आकडे त्याने ठामपणे सांगितले. नंतर मूळ तक्ता मिळाला तेव्हा त्यातले दोन चुकीचे निघाले. चूक आणि बरोबर, दोन्ही सांगताना सूर अगदी सारखाच होता. तुम्ही नजर टाकून ताडून पाहाल. मी कशाशी ताडू? काढणाऱ्याकडे मूळ आकडे असतात, मग त्या आकड्यांचं आधी चित्र करायचं आणि यंत्राने त्या चित्रावरून अंदाजाने आकडे परत काढायचे, हा उलटा प्रवास कशाला? तक्ता जोडायला दोन मिनिटं लागतात.

आता माझा आवडता मार्ग सांगतो: आलेख ऐकणं. इंग्रजीत याला सॉनिफिकेशन म्हणतात. तापमान वाढलं की सूर वर चढतो, उतरलं की खाली येतो, वेळ डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकते. कल्पना नवी नाही. गायगर काउंटरची टिकटिक म्हणजे किरणोत्साराचा आलेखच आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा सूर रक्तातला ऑक्सिजन घटला की खाली उतरतो, म्हणजे डॉक्टरांची नजर रुग्णावर असली तरी कानाला कळतं. वांडा डियाझ-मर्सेड या खगोलशास्त्रज्ञ शिकत असताना त्यांची दृष्टी गेली. त्यांनी अवकाशातून आलेल्या नोंदी आवाजात बदलून त्यावर संशोधन चालू ठेवलं. २०२१ पासून आयफोनमध्येही आलेख ऐकण्याची सोय आहे, अ‍ॅप करणाऱ्याने ती जोडली असेल तर.

निळी शाई, तुमचा बर्फाचा आलेख मी आज घरी आकडे घालून ऐकला. सूर झटकन चढतो, थांबतो, पुन्हा चढतो आणि मग एकाच पट्टीत लांबच लांब धरून राहतो. गवयाने षड्ज धरून ठेवावा तसा! इतका वेळ की वाटतं यंत्र अडकलं. पाणी उकळून संपायला किती उष्णता लागते हे मी कितीदा वाचलं होतं, पण त्या न संपणाऱ्या सुरात ते पहिल्यांदा जाणवलं.

मर्यादाही सांगायला हव्यात. सुरावरून चढउतार कळतात, नेमका आकडा कळत नाही. त्यासाठी बाणाच्या कळीने एकेका बिंदूवर थांबून आकडा ऐकता यायला हवा. दोन रेषा एकदम वाजवल्या की बहुतेकांचा गोंधळ होतो. आणि नकाशा किंवा हृदयाची आकृती ऐकवायला गेलात तर पदरी निराशा. वाक्य, तक्ता, सूर आणि उठावाचा कागद, प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

प्रश्नचिन्ह (मंगळवार, रात्री ९.५५)

कानोसा दादा, ताडून पाहण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार.

धुकट (बुधवार, सकाळी १०.००)

सगळी चर्चा पूर्ण अंधत्वाभोवती चाललीय, म्हणून माझ्यासारख्यांची आठवण करून देते. मला थोडं दिसतं. मधोमध धूसर, कडेने बरं. अल्पदृष्टीचे आम्ही लोक संख्येने पूर्ण अंध व्यक्तींपेक्षा कितीतरी जास्त आहोत, आणि आमच्याकडे बघून कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला आकृती मोठी करून पाहावी लागते, चारपट, कधी आठपट. फोटोच्या स्वरूपातली आकृती तेवढी ताणली की अक्षरांचे चौकोनी ठोकळे होतात. व्हेक्टर आकृतीच्या कडा कितीही मोठ्या केल्या तरी स्वच्छ राहतात. फिकट राखाडीवर फिकट निळं माझ्यासाठी नसल्यासारखंच. वेबच्या सुगम्यतेचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत आकृतीतल्या अर्थपूर्ण भागांसाठी शेजारच्या रंगाशी निदान ३:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, मागितला आहे. मजकुरासाठी ४.५:१ आधीपासून आहे. हे मोजणारी साधनं फुकट मिळतात.

चार रेषांना चार रंग देऊन कोपऱ्यात रंगांची सूची ठेवू नका. मोठं करून पाहताना सूची पडद्याबाहेर असते, मी रेषा आणि सूची यांच्यात हेलपाटे घालत बसते. नाव रेषेच्या टोकालाच लिहा. एक रेषा सलग, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची असं केलंत तर रंगांधळ्यांचंही काम होईल.

गणितमित्र (बुधवार, दुपारी १२.३०)

एक भाबडा प्रश्न. ब्रेल डिस्प्लेवर टिंबं वरखाली होतात ना? मग त्याच्यावरच आकृती का येत नाही?

सहा टिंबं (बुधवार, दुपारी ३.१५)

सर, भाबडा नाहीये. नेहमीचा डिस्प्ले एका ओळीचा असतो. ४० अक्षरांचा असेल तर अक्षराला ८ प्रमाणे ३२० टिंबं, सगळी एका पट्टीत. त्यावर आलेख काढणं म्हणजे दाराच्या फटीतून अंगण बघणं. बहुतेक डिस्प्लेंत प्रत्येक टिंबाखाली विजेने वाकणारी स्वतंत्र पट्टी असते. टिंबं वाढली की तितक्या पट्ट्या वाढल्या, म्हणून अनेक ओळींची यंत्रं इतकी वर्षं रखडली आणि अजूनही फार महाग आहेत.

पण ती आता आली आहेत. ग्राफिटी आणि डॉट पॅड नावाच्या यंत्रांवर ६० गुणिले ४०, म्हणजे २४०० टिंबं. मोनार्कवर ९६ गुणिले ४०, म्हणजे ३८४०. त्यात ब्रेलच्या दहा ओळी किंवा पानभर आकृती. एका प्रदर्शनात मला असं यंत्र वीस मिनिटं हाताळायला मिळालं. आकृती मोठी केली की टिंबं खाली बसतात आणि नवी वर येतात, हातांखाली सरसर काहीतरी बदलतं. कागदावरच्या आकृतीला 'जरा जवळ ये' असं कधी सांगता आलं नव्हतं. तरी ३८४० टिंबं म्हणजे अगदी जाडं चित्र हे विसरू नका, उठावरेषा ताईंची काटछाट तिथेही लागतेच.

यावरून ऑप्टाकॉनची गोष्ट आठवते. स्टॅनफर्डमधले विद्युत अभियंते जॉन लिनविल यांची मुलगी कँडी लहानपणापासून अंध. तिच्यासाठी त्यांनी हे यंत्र बनवलं, १९७१ पासून ते विकायला आलं. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवायचा, दुसऱ्या हाताचं बोट १४४ थरथरत्या टाचण्यांवर ठेवायचं, कॅमेऱ्याखालच्या अक्षराचा आकार बोटाखाली उमटायचा. शिकायला अवघड आणि वाचायचा वेग कमी. तरीही १९९६ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा वापरणारे हळहळले, आणि मला ते पटतं. यंत्र तुम्हाला अर्थ सांगत नव्हतं, आकार हातात देत होतं. पान कुठलं, ओळ कुठली, शाईचा डाग कुठला, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं.

उठावरेषा (बुधवार, संध्याकाळी ५.४०)

सहा टिंबं, तुझ्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. उलट्या दिशेबद्दल आपण कुणीच बोललो नाही: अंध व्यक्तीने स्वतः चित्र काढणं. रबराच्या पाटीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून साध्या बॉलपेनने रेघ ओढली की ती लगेच वर उठते. साधन इतकं साधं, पण फार कमी मुलांच्या हातात पडतं, कारण 'न दिसणाऱ्याला चित्राशी काय करायचंय' हा समज पक्का बसलेला. टोरोंटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध व्यक्तींच्या चित्रांचा अनेक वर्षं अभ्यास केला. जन्मापासून अंध असलेली माणसंही वस्तूच्या कडा रेषेने दाखवतात, मागची वस्तू पुढच्याने झाकते हे त्यांना कळतं, असं त्यांना आढळलं. कडा आणि कोपरे हाताला लागतातच की.

खुद्द लुई ब्रेलनेही १८३९ साली आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली होती. टिंबं मांडून नेहमीच्या रोमन अक्षरांचे आकार काढायचे, म्हणजे अंध माणसाने लिहिलेलं पत्र डोळस माणसाला वाचता येईल. हे फारसं कुणी सांगत नाही.

निळी शाई (शुक्रवार, रात्री ८.२०)

उठावरेषा ताईंनी फाइल बदलून दिली, सहा टिंबं यांनी ती आपल्या अभ्यासाच्या ठिकाणी फुगणाऱ्या कागदावर काढून घेतली. दोघींचे मनापासून आभार. पत्र लिहिणाऱ्या वाचकालाही पाचही आकृत्यांची वर्णनं आणि तक्ते पाठवले. सहा टिंबं, आलेख वाचता आला का?

सहा टिंबं (शनिवार, सकाळी ९.३०)

आला, छान आला. रेषा स्वच्छ, खुणा स्पष्ट. पण मला एक विचारायचं आहे. लेखात तुम्ही लिहिलंय की बर्फ वितळायला लागते त्याच्या सुमारे पावणेसात पट उष्णता पाणी उकळून संपायला लागते. माझ्या बोटांना मात्र दोन्ही सपाट भाग सारख्याच लांबीचे लागले. ब्रेल पट्टीने मोजले, दोन्ही ५ सेंटिमीटर. शिवाय बर्फाचा चढ आणि पाण्याचा चढ सारखाच तिरपा आहे. बर्फ तर पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने तापायला हवा. यातलं खरं काय धरू, लेख की आकृती?

कानोसा (शनिवार, सकाळी ९.५०)

मी आकड्यांवरून ऐकला होता, म्हणून मला दुसरा थांबा लांब लागला. आकृती मी पाहिलीच नव्हती.

निळी शाई (शनिवार, रात्री ११.१०)

सहा टिंबं, लेख खरा. आकृती चुकीची आहे, आणि ती माझी चूक.

हा आलेख मी ज्या आलेखांवरून शिकलो त्यांत दोन्ही सपाट भाग साधारण सारखेच असायचे. मीही तसेच काढत आलो. लेख छापण्याआधी तिघांनी तपासला होता, सगळे डोळस. आकृतीतले दोन भाग समान आहेत हे कुणालाच खटकलं नाही, कारण आम्ही तिला मोजलं नव्हतंच. 'हां, तो बर्फाचा आलेख' म्हणून ओळखलं आणि पुढे गेलो.

आज बसून हिशेब केला. १ किलो बर्फ उणे २० पासून ० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२ किलोज्यूल, तो वितळायला ३३४, पाणी ० पासून १०० पर्यंत न्यायला ४१८ आणि ते सगळं उकळून संपायला २२६०. एकसारख्या उष्णतेने २४ सेंटिमीटर रुंदीवर मांडलं तर पहिला चढ ३ मिलिमीटर, पहिला सपाट भाग २.६ सेंटिमीटर, दुसरा चढ ३.३ आणि शेवटचा सपाट भाग जवळजवळ १७.८ सेंटिमीटर! आलेखाचा तीन चतुर्थांश भाग नुसता उकळण्याचा. कानोसा दादांना 'यंत्र अडकलं' वाटलं ते हेच.

नवी फाइल ताईंना पाठवली आहे. छापील लेखातली आकृतीही बदलायला सांगितली.

उठावरेषा (रविवार, सकाळी ११.२५)

फाइल मिळाली. अडचण एकच, पहिला चढ ३ मिलिमीटरचा आहे. उभ्या अक्षाला इतका लागून की बोटाला दोन्ही मिळून एकच जाड रेघ वाटेल. लांबी वाढवली तर पुन्हा प्रमाण खोटं. म्हणून दोन कागद करते. पहिल्यावर संपूर्ण आलेख खऱ्या प्रमाणात, अक्ष रेषेपासून सेंटिमीटरभर डावीकडे सरकवून. दुसऱ्यावर फक्त उणे २० अंशांपासून बर्फ वितळेपर्यंतचा भाग आडव्या दिशेने पाचपट मोठा, वर ब्रेलमध्ये तशी स्पष्ट नोंद.

सहा टिंबं (रविवार, दुपारी १२.०५)

चालेल ताई. पाचपटऐवजी चौपट करा. पाचपट केलं तर पहिला सपाट भाग १३ सेंटिमीटरच्या वर जाईल. चौपटीत साडेदहाच्या आसपास येतो, म्हणजे माझे दोन्ही हात न उचलता तो सगळा एकदम हाताखाली राहील. आणि निळी शाई दादा, बाकीच्या चार आकृत्याही पाठवा.